जुन्या लेथच्या स्पिंडलची बेअरिंगं बदलताना

आमच्याकडचा धातू कातायचा सहा फुटी लेथ एका बंद पडलेल्या जिनिंगच्या वर्कशॉपमधून आला. हेडचं, म्हणजे चक फिरवणारा पोकळ दांडा (स्पिंडल) ज्यात बसतो त्या पेटीचं, झाकण उघडलं तर आत कपाशीची तुसं आणि जुनं तेल एकत्र मळून नमद्यासारखा थर बसलेला. सौदा करताना मालकाने बटण दाबून दाखवलं, मशीन गुपचूप फिरलं, आम्ही टेम्पोत घातला. पहिला कट घेतला तेव्हा जॉबवर, म्हणजे कातायच्या तुकड्यावर, माशाच्या खवल्यांसारख्या रेघा उठल्या आणि जॉब कापून वेगळा करणारं पार्टिंग टूल दोनदा कटकन तुटलं.

मी त्याच संध्याकाळी पाने घेऊन बसलो होतो. भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे आप्पा तिथे आले, चहा संपवला आणि म्हणाले, "पहिले माप, मंग खोल." ते ऐकलं म्हणून बरं झालं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. जो पहिल्यांदाच जुना लेथ उघडतोय आणि ज्याच्याकडे डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप), मायक्रोमीटर आणि थोडा धीर एवढंच भांडवल आहे, त्याच्यासाठी.

बेअरिंगच गेलंय का, ते आधी ठरवा

रेघा उठल्या, जॉब थरथरला की सगळे बेअरिंगकडे बोट दाखवतात. त्याआधी स्वस्तातली कारणं तपासा. टूल टूलपोस्टच्या बाहेर गरजेपेक्षा जास्त आलंय का? टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडची गिब पट्टी (सरकत्या भागाचा ढिलेपणा घालवणारी) ढिली आहे का? जॉब धरणाऱ्या चकचे जबडे तोंडाशी झिजून फाकलेत का? चपटा पट्टा असेल तर त्याचा जोड पुलीवरून जाताना दर फेरीला ठोका देतो, त्याची खूण जॉबवर उमटते. लेथ चारही पायांवर नीट टेकलाय का, हेही बघा. आणि जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक येत असेल तर दोष बहुधा हेड रेषेत नसण्याचा किंवा बेड, म्हणजे लेथचा खालचा लांब पाया, झिजल्याचा असतो. बेअरिंगं बदलून तो जाणार नाही.

एवढं झालं की डायल लावा. मॅग्नेटिक बेस बेडवर नको, हेडच्या कास्टिंगवरच बसवा, नाहीतर बेड आणि हेडमधली लवचीकताही मापात येते. डायलचं टोक चकच्या मागे, स्पिंडलच्या कॉलरवर वरून टेकवा. चकात मीटरभर लांबीचा जाड लाकडी दांडा धरा आणि तो अंदाजे २५-३० किलोच्या जोराने वर उचला, मग खाली दाबा. काटा ०.०१ ते ०.०२ मिमी हलला तर काळजी नाही, तेवढं लोखंडही वाकतं. ०.०५ च्या पुढे गेला तर ढिलेपणा आहे. मग डायल स्पिंडलच्या तोंडावर आडवा लावून स्पिंडल पुढे-मागे ढकला. तिथे ०.०१ च्या पलीकडे काही दिसायला नको.

तिसरं माप रनआउटचं, म्हणजे फिरताना स्पिंडल अक्षापासून किती डगमगतो त्याचं. स्पिंडल हाताने सावकाश फिरवा आणि ज्या गोल भागावर चक बसतो तिथे डायल धरा. ढिलेपणा आणि रनआउट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ढिलेपणा जोर लावला की दिसतो. रनआउट दर फेरीला त्याच जागी परत येतो. हे माप चकवर घेऊ नका, तिथे चकचीच चूक मोजली जाते. सामान्य कामाच्या लेथला स्पिंडलच्या तोंडाशी ०.०१ मिमी ही जुनी, सर्वमान्य मर्यादा आहे. जुन्या मशीनला ०.०२ आलं तर मी तक्रार करत नाही.

आता महत्त्वाचं. टेपर रोलर बेअरिंग (निमुळत्या रोलरांचं) असेल तर ढिलेपणा दिसला म्हणून लगेच बदलायचं नसतं. आधी मागचा नट आवळून बघायचा. गिअर सोडवा, पट्टा काढा, नट थोडा थोडा घेत ढिलेपणा घालवा आणि स्पिंडल हाताने फिरवा. लोण्यातून फिरल्यासारखा फिरला तर तुमचं काम संपलं, बेअरिंगचे पैसे वाचले. हाताला दाणे लागले, एका जागी अडखळलं किंवा फेरीच्या अर्ध्या भागात घट्ट आणि अर्ध्या भागात सैल वाटलं, तर मग खोला.

आमच्यात दाणे होते. ते का होते हे उघडल्यावर कळलं. रोलरवर राखाडी ठिपके आणि बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगमध्ये धुण्याच्या दगडासारख्या आडव्या रेघा. हा वेल्डिंगचा मार. जिनिंगमध्ये कुणीतरी चकात धरलेल्या शाफ्टवर वेल्डिंग केलं होतं आणि अर्थिंगची चिमटी बेडला लावली होती. करंट शाफ्टमधून चकात, चकमधून स्पिंडलमध्ये आणि तिथून रोलरमधून बॉडीत उतरतो, रोलर जिथे टेकतो तिथे बारीक ठिणग्या पडतात. आपल्याकडे मळणीयंत्राचे, दाल मिलचे, बोअरिंगच्या पंपाचे शाफ्ट भरून आणायला लोक रोज येतात, आणि भरलेला शाफ्ट लगेच खरडायचा म्हणून तो लेथवरच ठेवून वेल्डिंग होतं. करायचंच असेल तर चिमटी जॉबलाच लावा, वेल्डिंगच्या अगदी शेजारी. सगळ्यात उत्तम म्हणजे लेथवर वेल्डिंग करूच नका.

तुमच्या लेथला रोलरऐवजी गनमेटलचे बुश, म्हणजे स्पिंडल ज्यात थेट फिरतो ती धातूची कडी, असतील तर हा लेख तुम्हाला अर्धाच लागू पडतो. दोन तुकड्यांच्या बुशमध्ये सांध्यात पितळी पातळ पट्ट्या असतात. झीज झाली की दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीची पट्टी काढायची, निळ्या रंगाने बुश कुठे टेकतोय ते बघायचं आणि स्क्रेपरने उंचवटे खरडायचे. दांड्याच्या जोराने उचलल्यावर ०.०२ ते ०.०३ मिमी उचल राहिली पाहिजे, कारण तेलाला जागा लागते. शून्यावर आणलात तर बुश तापून धरेल. स्क्रेपिंग हे हाताचं काम आहे, ते वाचून येत नाही. शेजारी कुणी जुना फिटर असेल तर त्याच्याकडे चार दिवस बसा.

खोलणं

मेन स्विच बंद करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. दुकानात दुसरं कुणीतरी असतंच आणि त्याला तुम्ही हेडमध्ये हात घातलाय हे माहीत नसतं.

बेडवर जाड फळी टाका, मग चक काढा. आट्यांवरचा जुना चक जाम झालेला असतो. तो सोडवायला बॅक गिअर (स्पिंडल सावकाश फिरवणारी गिअरची जोडी) अडकवून झटका मारण्याची पद्धत सगळीकडे आहे, आणि बॅक गिअरचे तुटलेले दातही सगळीकडे आहेत. त्याऐवजी आट्यांवर रात्रभर तेल मुरू द्या, जबड्यांमध्ये मजबूत लाकडी ओंडका धरा आणि ओंडक्याच्या टोकावर ठोका द्या. स्पिंडल अडवायला गिअरचे दात वापरू नका. पुलीभोवती जुना पट्टा आवळून धरला तरी पुरतं.

तेल काढा आणि ते फेकण्याआधी त्यात चुंबक फिरवा. चुंबकाला चमकदार सुयांसारखे कण चिकटले तर बेअरिंगचा किंवा गिअरचा पत्रा, म्हणजे वरचा थर, सुटतोय. पिवळी झळाळी दिसली तर ती पितळेची. चुंबक ती धरणार नाही, ती तेलातच दिसेल.

आता फोटो. प्रत्येक गिअर, कॉलर, चावी आणि स्पेसर काढण्याआधी एक फोटो आणि काढल्यावर एक. काढलेले भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा आणि प्रत्येकाचं चकाकडचं तोंड पेंटने टिपा. जवळपास सारख्या जाडीच्या दोन कॉलरांची अदलाबदल झाली की गिअर अर्धे गुंततात, आणि ते कळेपर्यंत हेड बंद झालेलं असतं.

बहुतेक लेथचा स्पिंडल चकाच्या बाजूने बाहेर येतो. मागचा नट काढला, त्याचा लॉक स्क्रू विसरला नाहीत, तर स्पिंडल पुढे सरकायला लागतो आणि आतले गिअर एकेक करून सुटतात. हातोडा घालू नका. मागच्या टोकाला ठोकलेला स्पिंडल छत्रीसारखा फुलतो आणि मग नट बसतच नाही. स्पिंडल पोकळ असतो, त्याचा फायदा घ्या: आतून लांब आट्यांचा रॉड घाला, मागच्या टोकावर स्पिंडलपेक्षा बारीक जाड वॉशर ठेवा, पुढे हेडला टेकणारा रुंद पाइपचा तुकडा आणि त्यावर आडवी पट्टी. नट फिरवत जा, स्पिंडल आवाज न करता बाहेर येतो. शेवटच्या बोटभर अंतरात दुसऱ्या माणसाने खालून आधार द्यायचा. पडलेला स्पिंडल सरळ करून घेणं बेअरिंगपेक्षा महाग पडतं.

स्पिंडल मोजा, मगच दुकानात जा

जिथे बेअरिंगची आतली रिंग बसते ती जागा मायक्रोमीटरने तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. रिंग स्पिंडलवर घसरत फिरली असेल तर जागा आरशासारखी चकाकते आणि मिमीच्या शंभर भागांतले दोन-तीन भाग कमी भरते. असं असेल तर नवं बेअरिंगही तिथे तसंच फिरेल. आपल्याकडे यावर एक जुना उपाय आहे: पंच मारून जागा खरबरीत करायची आणि रिंग ठोकून बसवायची. ट्रॉलीच्या चाकाला ते चालेल. लेथच्या स्पिंडलला नाही, कारण प्रत्येक पंचाचा उंचवटा रिंगला वेगळ्या बाजूने ढकलतो आणि तुम्ही स्वतःच्या हाताने रनआउट विकत घेता. योग्य उपाय म्हणजे हार्ड क्रोम (क्रोमचा कडक थर) करून ग्राइंड करून घेणं. हे काम क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगवाल्याकडे द्या आणि दोन सेंटरांमध्ये धरूनच ग्राइंड करा, असं स्पष्ट सांगा.

मग बेअरिंग. जुन्या रिंगवर नंबर असतो. शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की बोर, म्हणजे भोकाचा व्यास, मिळतो, ०४ पासून पुढे हा नियम चालतो. ३२२१० म्हणजे बोर ५० मिमी, बाहेरचा व्यास ९०. ३२०१२ म्हणजे बोर ६०, बाहेरचा व्यास ९५. इंच मापाचं असेल तर हा हिशेब लागत नाही, तिथे कोन आणि कप यांचे नंबरही वेगवेगळे असतात. कोन म्हणजे रोलरसकट आतली रिंग, कप म्हणजे बाहेरची. नवा कोन जुन्या कपात कधीच नाही. जुन्या कपाला जुन्या रोलरची चाकोरी पडलेली असते.

दुकानदार विचारत नाही, पण तुम्ही विचारायची गोष्ट म्हणजे ग्रेड, बेअरिंग किती काटेकोर बनवलंय त्याचा दर्जा. साध्या ग्रेडच्या ५० ते ८० मिमी बोरच्या टेपर रोलरला आतल्या रिंगचा रनआउट ०.०२५ मिमीपर्यंत चालतो. गाडीच्या चाकाला तो पुरतो. लेथच्या चकाकडच्या बेअरिंगला पी-५ मिळालं तर उत्तम, पी-६ हा मधला मार्ग. पैसे कमी असतील तर चांगलं बेअरिंग पुढे आणि साधं मागे. कट पुढच्यावर येतो, मागचं फक्त साथ देतं. जयपूरला एनबीसी, जमशेदपूरला टिमकेन बनतात, पुण्याच्या चिंचवडलाही मोठा कारखाना आहे. माल देशातलाच आहे, पण पी-५ जिल्ह्याच्या गावात शेल्फवर नसतो, मागवावा लागतो. तेवढे दिवस हाताशी धरूनच मशीन खोला.

नकली माल हे आमच्या नशिबी आलं. एका दुकानातून घेतलेल्या डब्यावरची छपाई झकास होती, पण रिंगवरचा नंबर बोटाच्या नखाला लागत होता आणि अक्षरं एका रेषेत नव्हती. किंमत बाजारभावाच्या निम्मी, तिथेच शंका यायला हवी होती. बिल पक्कं घ्या आणि डब्यावरचा कोड कंपनीच्या ॲपने तपासा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी आता तशी सोय केली आहे.

बसवणं

टेबल पुसा, खाली वर्तमानपत्र नको, धुतलेलं सुती कापड. आमच्याकडे दुपारी वारा सुटला की शटरच्या फटीतून धूळ आत येते, म्हणून हे काम मी सकाळी सातला करतो. हेडची पोकळी रॉकेलने धुवा, कोपऱ्यातली तुसं ब्रशने काढा आणि मग पुसा. बेअरिंगचा डबा सगळ्यात शेवटी उघडा.

कप हेडच्या भोकात बसतो. तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. इथे आपला उन्हाळा कामाला येतो. दुकानात ४२ अंश आणि फ्रीजरमध्ये उणे १८, म्हणजे ६० अंशांचा फरक. ९५ मिमीचा कप तेवढ्याने जवळजवळ ०.०७ मिमी आकसतो आणि हाताने सरकतो. पावसाळ्यात मात्र गार कपावर लगेच दव धरतं, तेव्हा बसवल्याबरोबर पुसून तेलाचा हात फिरवा. अडलाच तर जुना कप बाहेरून थोडा खरडून त्याचाच ठोकणा करा. थेट कपाच्या कडेवर छिन्नी ठेवू नका.

कोन गरम करून स्पिंडलवर घालायचा. तेलाचा डबा, त्यात कोन तारेने लोंबकळता, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि थर्मामीटर. ८० ते ९० अंश पुरे, १२० च्या वर कधीच नाही, त्यापुढे पोलादाचा कडकपणा उतरायला लागतो. ६० मिमीचा बोर ७० अंश तापला की ०.०५ मिमी वाढतो, बसायला तेवढं भरपूर आहे. गॅसच्या कटरची ज्योत फिरवून गरम करणारे भेटतील. त्यांना नम्रपणे चहा द्या.

एक बारकावा पहिल्यांदा करणाऱ्याला कुणी सांगत नाही. गरम कोन खांद्याला टेकवला तरी थंड होताना तो अंग चोरून मागे सरकतो. म्हणून पूर्ण थंड होईपर्यंत नटाने दाबून धरा आणि नंतर ०.०५ मिमी जाडीची फीलर पट्टी खांद्याच्या फटीत जाते का पाहा. जायला नको.

नट किती आवळायचा

खरं काम इथे सुरू होतं. खोलून बसवायला आम्हाला एक दिवस लागला, नटाला दोन.

टेपर रोलर बेअरिंगमध्ये नट आवळला की दोन्ही कोन कपात आत शिरतात, ढिलेपणा जातो आणि त्यापुढे हलका दाब तयार होतो. हा दाब कमी पडला तर जॉब थरथरतो. जास्त झाला तर बेअरिंग तापतं आणि काही महिन्यांत पत्रा सोडतं. जागा किती अरुंद आहे ते पाहा. नटाचा आटा २ मिमीचा असेल तर पूर्ण फेरीला स्पिंडल २ मिमी खेचला जातो. ०.०१ मिमीसाठी फेरीचा दोनशेवा भाग लागतो, म्हणजे १०० मिमी व्यासाच्या नटाच्या कडेवर फक्त दीड मिमी. डोळ्याच्या अंदाजाने "थोडा अजून घे" म्हणणारा माणूस इथे दहापट चुकतो. नटावर आणि शेजारी पट्टीवर बारीक रेघ मारा आणि रेघेवरच काम करा.

पट्टा आणि गिअर सोडलेले हवेत. बेअरिंगला तेल लावा. नट घेत असताना स्पिंडल सतत हाताने फिरवत राहा. स्थिर स्पिंडलवर आवळलं तर रोलर वाकडे अडकून बसतात आणि खोटा घट्टपणा वाटतो. पुढे-मागेच्या डायलवर ढिलेपणा शून्य झाला की रेघ टिपा. आता स्प्रिंगचा काटा घ्या. मासळी तोलायला असतो तसलाही चालेल. पुलीवर सुतळी गुंडाळून काटा सावकाश, एकसारख्या गतीने ओढा आणि फिरताना किती दाखवतो ते लिहा, सुरुवातीचा झटका नको. आमच्या लेथवर १५० मिमीच्या पुलीला ढिल्या नटाने अर्धा किलो आलं. सीलची ओढही त्यातच आहे. नट दीड-दीड मिमीने घेत घेत काट्यावर सव्वा किलो झालं तिथे थांबलो. तुमच्या मशीनचा आकडा वेगळा येईल, पण ढिल्यापेक्षा ओढ हळूहळू आणि एकसारखी वाढली पाहिजे. एका टप्प्यात अचानक उडी मारली तर तुम्ही पुढे गेलात. पूर्ण सोडा आणि परत या.

लॉक स्क्रू आवळताना नट स्वतः थोडा फिरतो. लॉक केल्यावर काटा परत ओढून बघा. आम्हाला यात तीनदा परत यावं लागलं.

पहिली फेरी

हेडमध्ये तेल मशीनच्या पाटीवर लिहिलेलं घाला. पाटी गेली असेल तर व्हीजी ६८ (तेलाच्या दाटपणाचा नंबर) बहुतेक अशा हेडना चालतं. गिअरबॉक्सचं जाड ९० नंबर तेल टाकू नका, त्यानेच बेअरिंग तापतं. ग्रीसचं बेअरिंग असेल तर मोकळ्या जागेच्या तिसऱ्या भागाइतकंच ग्रीस. ठासून भरलेलं ग्रीस रोलर घुसळत बसतात.

सगळ्यात कमी स्पीडवर अर्धा तास, मग एकेक पायरी वर, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं. इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढच्या बेअरिंगवरचं कास्टिंग मोजा, आणि दर वेळी दुकानातल्या हवेचंही. हवेपेक्षा २० ते २५ अंश जास्त होऊन तिथेच स्थिरावलं तर नट बरोबर बसलाय. तासाभरानंतरही चढतच राहिलं तर बंद करा आणि नट रेघेने थोडा सोडा.

हात लावून ओळखायची सवय मात्र खान्देशात दगा देते. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात ४४ अंश असतात, त्यावर २५ धरले तर हेड ६९ वर जातं आणि हात टेकवत नाही. घाबरून लोक नट सोडतात आणि नोव्हेंबरात जॉब थरथरतो. जानेवारीच्या सकाळी १२ अंशांत तोच लेथ ३७ वर फक्त कोमट लागतो आणि "अजून घेऊ" असा मोह होतो. ऋतू बदलला म्हणून नट हलवायचा नसतो. स्पिंडल आणि हेड दोघेही हवेबरोबर जवळपास सारखेच फुगतात. फरक पडतो तो चालताना स्पिंडल बॉडीपेक्षा किती जास्त तापतो त्याने. थंडीत सकाळी तेल घट्ट असतं एवढंच, तेव्हा दहा मिनिटं हळू फिरवून मग काम सुरू करा.

गार झाल्यावर नाही, गरम असतानाच दांडा आणि डायल परत लावा. आमच्याकडे उचल ०.०१ च्या आत आली. मग चकची मागची प्लेट लेथवरच हलकी खरडून घ्या. स्पिंडल आता नव्या बेअरिंगच्या अक्षावर फिरतोय आणि प्लेट अजून जुन्या अक्षाची आहे. शेवटी ५० मिमीचा बार, टेलस्टॉक न लावता १५० मिमी बाहेर, ०.१ मिमीचा कट. खवले गेले असतील तर झालं.

पहिल्या ५० तासांनंतर तेल बदला, त्यात पुन्हा चुंबक फिरवा आणि काटा एकदा ओढून पाहा. बेअरिंग बसताना थोडं सैल होतं, तेवढं रेघेने घ्यावं लागतं. बेअरिंगचे नंबर, तारीख, काट्याचं वाचन आणि नटाच्या रेघेची जागा गिअरच्या दाराच्या आतल्या बाजूला पेंटने लिहा. आमच्या दारावर त्याखाली आप्पांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे: वेल्डिंगवाल्याला इथे उभं करू नये.